रागमाला : सूर, श्लोक आणि स्त्रीप्रतिमा

काव्यातील नायिका आपल्या परिचयाची आहे. ती चित्रात उतरते तेव्हा काय घडते, हे पाहण्यासाठी आपण अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) निजामशाहीकडे वळू.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर दख्खनमध्ये रागमालाचित्रे काढली गेली. त्यांतील काहींचा संबंध अभ्यासक अहमदनगरशी जोडतात. याबाबत मतभेदही आहेत. अशा चित्राच्या माथ्यावर नागरी लिपीत संस्कृत श्लोक असतो. राग कानाने ऐकायचा. श्लोक त्याला देह, वेश व ऋतू देतो आणि चित्रकार त्या देहाला रंग देतो. हिंदोल रागासाठी झोपाळा येतो, तो याच वाटेने. म्हणून रागिणीचे चित्र हे कोणा स्त्रीचे व्यक्तिचित्र समजू नये. ती भाववृत्तीची प्रतिमा आहे. जपानमध्ये सुमारे पावणेदोनशे वर्षांनी सुझुकी हारुनोबूने सुंदर स्त्रियांच्या चित्रांवर कविता योजल्या. ती चित्रे मात्र लाकडी ठशांनी छापलेली, म्हणून अनेक प्रतींत निघणारी. रागमालेचे प्रत्येक पान हाताने रंगवलेले, एकमेव.

आता याच दरबाराचे थोडे आधीचे एक हस्तलिखित पाहा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आफताबी या कवीचे ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे सचित्र फारसी काव्य आहे. त्यात पहिल्या हुसेन निजामशाहाबरोबरच राणी खुंजा हुमायूनच्या सौंदर्याचेही वर्णन येते. एका चित्रात तरुणीच्या स्पर्शाने वृक्ष बहरतो. हा ‘दोहद’ संकेत कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तही आहे, फारसी काव्याच्या पानावर तो सहज नांदतो, ही दख्खनची खास गोष्ट.

परंतु राजाशेजारी बसलेली राणीची आकृती अनेक चित्रांत पुसलेली आहे. हुसेनशाह १५६५ मध्ये वारला. त्यानंतर राणीने अल्पवयीन मुर्तझाच्या वतीने राज्य चालवले. १५६९ च्या सुमारास मुलानेच तिला सत्तेवरून दूर करून कैदेत टाकले. आकृती त्यानंतर पुसल्या गेल्या असाव्यात, असे मानतात. चांदबीबी ही तिचीच कन्या. चित्रांत जिथे राणी होती, तिथे आज डाग आहे. निनावी रागिणी मात्र आपापल्या श्लोकाखाली शाबूत आहेत.

स्वाध्याय : हस्तलिखितात राणीची स्तुती अक्षरांत उरली, पण आकृती पुसली गेली. शब्दप्रतिमा आणि चित्रप्रतिमा यांच्या सामर्थ्यातील फरक या उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.