समाजशास्त्राचा अभ्यास : घरापासून जगापर्यंत



बारावीनंतर समाजशास्त्र घ्यायचे म्हटले की घरात पहिला प्रश्न येतो, "त्याचे पुढे काय?" परदेशी विद्यापीठाचा विषय निघाला की दुसरा येतो, "आपल्याच समाजाचा अभ्यास करायला इतक्या लांब कशाला?" आधी दुसऱ्या प्रश्नाचा विचार करू.

तीन नावे घेऊ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली रायपूरचा, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा १८९१ साली आपल्या इंदूरजवळच्या महूचा आणि इरावती कर्वे यांचा १९०५ साली ब्रह्मदेशातला. तिघेही आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर जन्मलेले मराठी भाषक. तिघेही परदेशी शिकले आणि तिघांनीही भारतीय समाजावर मोलाचे लेखन केले.

पुढे ज्ञानकोशकार म्हणून प्रसिद्ध झालेल्या केतकरांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात असताना, १९०९ साली, जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे ९ मे १९१६ रोजी त्यांनी जातीवर निबंध वाचला. त्यात फ्रेंच व इंग्रज अभ्यासकांबरोबर केतकरांची व्याख्याही त्यांनी तपासली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या कुळाबाहेर लग्न करण्याचा नियम जगातील अनेक प्राचीन समाजांत होता. आपल्याकडे सगोत्र विवाहाच्या निषेधाच्या रूपाने तो टिकला. मात्र त्यावर जातीतच लग्न करण्याचे बंधन लादले गेले, आणि त्यातूनच जात निर्माण झाली. इतर समाजांशी तुलना केल्यावाचून हा मुद्दा इतका स्पष्ट झाला नसता.

इरावतीबाई मुंबईत गो. स. घुर्ये यांच्याकडे शिकून १९२८ साली जर्मनीत बर्लिनला गेल्या. पुढे भारतभर हिंडून त्यांनी नातेसंबंधांवर ग्रंथ लिहिला. तो १९५३ साली निघाला. मामाच्या मुलीशी लग्न मराठी मुलखातल्या कित्येक जातींत चालते, उत्तर हिंदुस्थानात मात्र ते निषिद्ध मानतात. आपल्या शेजारी राहणाऱ्या हिंदी भाषक कुटुंबांना हे ऐकून नवल वाटते, आणि त्यांना नवल का वाटते याचे आपल्याला नवल वाटते! समाजशास्त्र अशा नवलातूनच सुरू होते. ज्याला आपण "रीत" म्हणून सोडून देतो, तिचे कारण ते विचारते.

आंतरराष्ट्रीय दृष्टी ती हीच. त्यासाठी पारपत्र आवश्यक नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ पासून हा विषय शिकवला जातो. एम. एन. श्रीनिवास ऑक्सफर्डहून परतल्यावर १९५१ साली बडोद्याच्या विद्यापीठात आले व तेथे त्यांनी समाजशास्त्राचा विभाग उभा केला.

आता पहिला प्रश्न. बारावीला कोणतीही शाखा असली तरी बहुतेक विद्यापीठांत या विषयाकडे वळता येते. अध्यापन, संशोधन, समाजकार्य, पत्रकारिता असे मार्ग आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतही हा वैकल्पिक विषय आहे. पदव्युत्तर अभ्यासात इंग्रजी ग्रंथ वाचावे लागतात, हे खरे. आमच्यासारख्या हिंदी माध्यमातून पदवी घेतलेल्यांना शब्दकोश जवळ ठेवूनच ते वाचावे लागले. वेळ लागतो, पण जमते. संख्याशास्त्राची मात्र टाळाटाळ करू नये, कारण सर्वेक्षणाचे काम त्याशिवाय होत नाही.

शेवटी एक स्वाध्याय. थॉमस व झ्नानिएत्स्की या अभ्यासकांनी अमेरिकेत गेलेल्या पोलिश शेतकऱ्यांची घरगुती पत्रे जमवून त्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. तो १९१८ ते १९२० या काळात प्रसिद्ध झाला. आपल्या घरीही आजी-आजोबांच्या ट्रंकेत गावाकडून आलेली पत्रे असतील. मोठ्यांची परवानगी घेऊन ती वाचा आणि तीन गोष्टी टिपा : पत्र कोणी कोणाला लिहिले, काय मागितले आणि कोणत्या भाषेत. मराठीत हिंदी शब्द कधीपासून मिसळू लागले, तेही पाहा. वह्या आम्ही अवश्य तपासू.