फर्स्ट एड कधी उघडायचं?

मुग्धा : आत्या, सीनियर्स म्हणतात, फर्स्ट इयरपासूनच फर्स्ट एडचं पुस्तक घोकायला घ्यायचं, मग अमेरिकेतल्या यूएसएमएलई परीक्षेची स्टेप वन पक्की. मी आत्ता कुठे सेकंड इयरला आले. उशीर झाला का गं?

आत्या : उशीर कसला? उलट घाईच दिसतेय. बघू पुस्तक. अगं, पानंच्या पानं पिवळी केलीस की! बरं, एसीई इनहिबिटरचे दुष्परिणाम सांग.

मुग्धा : कोरडा खोकला, अँजिओएडेमा, पोटॅशियम वाढतं, क्रिएटिनिन वाढतं. आणि गरोदरपणात द्यायचं नाही.

आत्या : खोकला का येतो?

मुग्धा : ब्रॅडिकायनिन.

आत्या : ते कुठून आलं मध्येच?

मुग्धा : पुस्तकात एवढंच दिलंय.

आत्या : त्यात तेवढंच असणार, ते उजळणीचं पुस्तक आहे. एसीई हे एंझाइम दोन कामं करतं. अँजिओटेन्सिन वनचं टू करतं आणि ब्रॅडिकायनिन तोडतं. एंझाइम अडवलं की ब्रॅडिकायनिन साचतं आणि खोकल्याची उबळ येते. आता परीक्षेतला प्रश्न कसा असतो बघ. ५८ वर्षांची बाई, तीन आठवड्यांपूर्वी लिसिनोप्रिल सुरू केलेलं, आता कोरडा खोकला. ताप नाही, छाती साफ. औषध बदलायचं, तर नवीन औषध नेमकं कुठे काम करणारं हवं? इथे ‘खोकला’ पाठ असून काय कामाचं? लोसार्टन रिसेप्टर अडवतं, एंझाइमला हात लावत नाही, म्हणून ब्रॅडिकायनिन तुटत राहतं. गायटनची फिजिऑलॉजी आणि केडीटीची फार्माकोलॉजी ज्याने एकदा समजून वाचलीय, त्याला फर्स्ट एडमधली एक ओळ दिसली की हे सगळं आठवतं. बाकीच्यांना ती नुसती ओळच.

मुग्धा : पण अमेरिकेतली मुलं पहिल्या वर्षापासून वापरतात म्हणे.

आत्या : काही वापरतात, पण तिथला अभ्यासक्रम बघ ना. बऱ्याच कॉलेजांत अवयवसंस्थेनुसार शिकवतात. किडनी सुरू झाली की तिची रचना, कार्य, आजार, औषधं सगळं एकापाठोपाठ. फर्स्ट एडची प्रकरणंही तशीच लावलेली आहेत. तुमच्याकडे किडनीची फिजिऑलॉजी फर्स्ट इयरला, पॅथो आणि फार्मा सेकंडला. मग फर्स्ट इयरच्या मुलाने ते प्रकरण उघडलं तर निम्मं डोक्यावरून जाणार. आणि जे डोक्यावरून जातं तेच आपण पाठ करतो! शिवाय तुमच्या विद्यापीठाच्या, एमयूएचएसच्या पेपरात लाँग क्वेश्चन लिहायचा असतो, तो या त्रोटक मुद्द्यांवर निघत नाही.

मुग्धा : म्हणजे कपाटात ठेवू?

आत्या : नको, टेबलावरच राहू दे. रॉबिन्सच्या पॅथॉलॉजीतून किडनी झाली की त्याच आठवड्यात इथलं तेच प्रकरण बघ. जे कळलं ते समासात दोन शब्दांत लिही. आधी मात्र उघडू नकोस.

मुग्धा : आणि सलग वाचायचं कधी?

आत्या : सेकंड एमबीबीएसची परीक्षा झाल्यावर. तसंही बेसिक सायन्सचा भाग पूर्ण झाल्याशिवाय तुला स्टेप वनला बसता येत नाही. तेव्हा तारीख ठरव, चार-सहा महिने हाताशी ठेव आणि यूवर्ल्ड या ऑनलाइन प्रश्नसंचातले प्रश्न सोडवायला लाग. चुकलेल्या प्रश्नातलं फर्स्ट एडच्या त्या-त्या पानावर उतरव. यूवर्ल्ड मुदतीवर मिळतं आणि महाग आहे, आत्तापासून पैसे भरू नकोस. नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यावरही माझा विश्वास नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर पुस्तक मिटून आठवून बघणारे पुढे.

मुग्धा : पण स्टेप वनला आता तर नुसतं पास-नापास आहे. एवढं कशाला?

आत्या : २६ जानेवारी २०२२ पासून आकडा गेला, खरं आहे. पण नापास झालीस तर ती नोंद राहते, आणि प्रयत्न फक्त चार. आकडा आता स्टेप टू सीकेला मिळतो, रेसिडेन्सीवाले तो बघतात, आणि तो पेपर याच पायावर उभा असतो. बरं, तुझ्या यादीत क्रिएटिनिन होतं. ते का वाढतं?

मुग्धा : थांब हं... अँजिओटेन्सिन टू इफरंट आर्टिरिओल आकसवतं. ते कमी पडलं की ती सैल होते, ग्लोमेरुलसमधला दाब उतरतो, गाळणी मंदावते. हे फर्स्ट इयरला गायटनमध्ये होतं! मग ज्याच्या दोन्ही किडनीच्या धमन्या आधीच अरुंद आहेत, त्याला?

आत्या : त्याला हे औषध द्यायचं नाही. बघ, तुझ्या पुस्तकातही आहे ते, पण तू पिवळं केलेलं नाहीस.