आलेला फोन आणि लावलेला फोन

सोमवारपासून अकाउंट्सचा फोन तुझ्या टेबलावर येणार, म्हणून चार गोष्टी कानावर घालून ठेवतो. टॅली तू शिकून आली आहेस, त्यात मी काय सांगणार? फोन घ्यायला मात्र कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

आलेल्या फोनवर पैसे हलवायचे नाहीत. बँक असो, महावितरण असो, मायक्रोसॉफ्ट असो, नाहीतर आपला जुना पत्र्याचा सप्लायर असो. ऐकून घे, "मी उलट फोन करते" म्हण आणि ठेवून दे. नंबर काढायचा तो पासबुकावरून, जुन्या बिलावरून. समोरच्याने दिलेला चालत नाही. गूगलवर शोधलेलाही नको, तिथे खोटे कस्टमर केअर पैशाला पासरी पडलेत.

तो आपली कुंडली घडाघडा वाचून दाखवेल. भुलू नकोस. जीएसटी नंबर आपल्या प्रत्येक बिलावर छापलेला आहे आणि पोर्टलवर तो टाकला की फर्मचं नाव-पत्ता कुणालाही दिसतं. खाते क्रमांक, आयएफएससी? कॅन्सल्ड चेक आपणच गावभर वाटतो. ट्रूकॉलरवर झळकणारं बँकेचं नावही कुणीतरी माणसाने भरलेलं असू शकतं. व्यवहाराचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून आणि जाहिरातीचे १४० वरून करा, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना बजावलंय. तेव्हा साध्या मोबाइल नंबरवरून कुणी "हेड ऑफिसमधून बोलतोय" म्हणाला तर काय ते समज. आणि १६०० दिसला तरी ओटीपी द्यायचा नाहीच.

"आज रात्री वीज तोडणार" म्हणणारा आणि "तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय" म्हणणारा, दोघेही शेवटी एनीडेस्क टाकायला सांगतात. ते टाकून त्याला कोड सांगितलास की तुझी स्क्रीन त्याच्या हातात. मायक्रोसॉफ्ट न बोलावता कुणाला फोन करत नाही.

हे सगळं तुला दोन दिवसांत पाठ होईल. आड येईल ती भीड. शेठचा आवाज येईल, "मीटिंगमध्ये आहे, या खात्यावर लगेच आरटीजीएस कर, आत्ता कुणाला बोलू नकोस." नवीन मुलगी मालकाचा फोन कशी ठेवणार? भामट्याचा सगळा धंदा या एका प्रश्नावर चालतो. २०२४ मध्ये अरुप या बड्या इंजिनिअरिंग कंपनीचं हाँगकाँगचं प्रकरण बाहेर आलं. तिथल्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर साहेब आणि सहकारी डोळ्यांनी पाहिले, सगळे बनावट, आणि २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. आपल्याला तर नुसता आवाजच ऐकू येतो. म्हणून शेठ असले तरी फोन ठेवायचा आणि त्यांच्या नेहमीच्या नंबरवर लावायचा. हे मी त्यांच्या समोरच ठरवून घेतलंय. तरी कुणी बोललंच, तर माझं नाव सांग. "कुणाला बोलू नकोस" हे शब्द ऐकलेस की आधी माझ्याकडे यायचं.

सप्लायरचं खातं बदललं, असा फोन किंवा मेल आला तरी हाच रिवाज. लेटरहेड आणि सही-शिक्का बघून विरघळू नकोस, ते कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात होतं. जुन्या पर्चेस ऑर्डरवरच्या नंबरवर विचारायचं. आपल्या नावानेही गिऱ्हाइकांना असे फोन जाऊ शकतात, म्हणून "खाते बदलल्यास फोनवर कळवत नाही" ही ओळ बिलावर छापून घे. मी अनेकदा म्हटलं, अजून झालेली नाही.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर रडत बसू नकोस, लपवूही नकोस. आधी १९३० ला फोन, मग बँकेला, मग मला. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळवलं तरच ते गोठवता येतात.