‘श्यामची आई’ ऑनलाइन तासाला घ्यायची तर

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा मोठा भाग फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिला. नाशिकच्या मुलांना हे सांगायलाच हवं, पण दोन वाक्यांत. लेखकाच्या चरित्रात अर्धा तास गेला की कॅमेरे एकेक करून बंद होतात.

‘सगळं पुस्तक वाचून या’ असं सांगू नका. कुणी वाचत नाही. पुस्तक रात्रींमध्ये विभागलेलं आहे, तेव्हा एका तासाला एकच रात्र घ्या. तिच्या पानांचे फोटो दोन दिवस आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यामुळे मूळ मजकुरावर आता कॉपीराइट नाही. फक्त नव्या आवृत्तीतली चित्रं आणि प्रस्तावना वगळा. पेठ-सुरगाण्याकडे रेंज येईल तेव्हा फोटो तरी उतरतात, व्हिडिओ गोल फिरत राहतो. घरातला एकुलता मोबाइल वडिलांच्या खिशात असेल, तर तास संध्याकाळी सातनंतरच ठेवा.

चर्चेचा नियम एकच: विशेषणं बंद. ‘आई थोर होती, प्रेमळ होती, संस्कारी होती’ ही उत्तरं पुस्तक न उघडताही देता येतात. आईनं काय केलं ते सांगायचं, आणि कुठल्या पानावर तेही.

सुरुवातीला ‘श्यामचे पोहणे’ बरं. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शोधून काढते आणि चक्क मारते. ‘तिनं मारलं ते बरोबर का?’ असं विचारा. सगळ्यांनी चॅटमध्ये उत्तर लिहून ठेवायचं, पण तुम्ही ‘पाठवा’ म्हणेपर्यंत पाठवायचं नाही. नाहीतर वर्गातल्या हुशार मुलीचं उत्तर पहिलं येतं आणि बाकीचे ‘सेम’ लिहून मोकळे होतात.

मुलं रुळली की ‘देवाला सारी प्रिय’ घ्या. माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात अवघड आणि म्हणूनच सगळ्यात कामाची रात्र हीच. एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी पडलेली आहे, शिवायची कुणाची तयारी नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यायला सांगते. आणि मग आंघोळ करायलाही सांगते. ही आई रूढी मोडते की पाळते? आईचं वकीलपत्र तुम्ही घेऊ नका. ‘तिच्या जागी बसून बघा’ असं कुणी म्हणालं, तर ‘कुणाच्या? आईच्या की मोळीवाल्या बाईच्या?’ एवढंच विचारा. नंतर शांतता पसरेल. प्रत्यक्ष वर्गात चेहरे दिसतात; पडद्यावर ती शांतता खायला उठते आणि शिक्षकच बोलून टाकतात. मनात वीस अंक मोजा, कुणीतरी अनम्यूट होतंच. मात्र जातीवरून कुणा एका मुलाला नाव घेऊन बोलतं करू नका.

आणखी एक गोष्ट हमखास निसटते. घडतं ते लहान श्यामच्या बाबतीत, पण सांगतो मोठा श्याम, आई गेल्यावर, आश्रमातल्या मित्रांना. म्हणून प्रत्येक प्रसंगाला विचारा: हे त्या वेळी मुलाला कळलं होतं, की सांगणाऱ्याला आत्ता कळतंय?

गृहपाठाला निबंध नको, एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज मागवा. ‘अळणी भाजी’त भाऊ, म्हणजे श्यामचे वडील, बिनमिठाची भाजी मुकाट्यानं खातात आणि आईला ते नंतर कळतं. त्या रात्री भाऊ आईला काय म्हणाले असतील, हे भाऊ होऊन बोलायचं. मागं कुकरची शिट्टी वाजली तरी चालेल.