अणूचे अंतरंग : मग डाल्टन चुकला होता का?



अणूची प्रारूपे शिकवून झाली की एखादं मूल हमखास विचारतं, "डाल्टनचं चुकलं होतं, तर ते शिकायचं कशाला?" हा प्रश्न टाळू नका. प्रत्येक प्रारूप शिकवताना दोनच गोष्टी विचारा : याने काय उलगडलं? आणि कुठे अडलं?

डाल्टन (1803) : अणू म्हणजे अविभाज्य कण. मूलद्रव्ये ठरावीक वजनी प्रमाणातच का संयोग पावतात, हे यातून उलगडलं. आजही रासायनिक समीकरण संतुलित करताना आपण अणूंची संख्या कायम ठेवतो, ती याच विचाराने.

थॉमसन : 1897 मध्ये त्याने इलेक्ट्रॉन शोधला. अणूच्या आतच ऋणप्रभारित कण सापडला, म्हणजे डाल्टनचं 'अविभाज्य' अडलं. 1904 मध्ये त्याने प्लम पुडिंग प्रारूप मांडलं. मुलांना पुडिंग माहीत नसतं. बेदाणे घातलेला रव्याचा लाडू सांगा : रवा म्हणजे धनप्रभार, बेदाणे म्हणजे इलेक्ट्रॉन.

रुदरफोर्ड (1911) : सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले. अणू लाडवासारखा असता, तर सगळे कण जवळजवळ सरळ गेले असते. बहुतेक गेलेही, पण अगदी मोजके चक्क उलटे फिरले! म्हणजे अणू बराचसा पोकळ आणि मधोमध छोटंसं, जड, धनप्रभारित केंद्रक. केंद्रक मोहरीएवढं मानलं, तर अणू शाळेच्या मैदानाएवढा. पण फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून केंद्रकात पडायला हवा. तो पडत का नाही?

बोर (1913) : ठरावीक कक्षेत फिरताना इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत नाही. हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषा यातून उलगडल्या. जास्त इलेक्ट्रॉन असलेल्या अणूंपाशी मात्र हेही अडलं.

1932 मध्ये चॅडविकने न्यूट्रॉन शोधला. आज तर इलेक्ट्रॉनची ठरावीक वाट न सांगता तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगतात.

आणखी एक गंमत मुलांना जरूर सांगा. रुदरफोर्ड हा थॉमसनचा विद्यार्थी. बोरने रुदरफोर्डकडे काम केलं. चॅडविकही त्याचाच शिष्य. गुरूचं म्हणणं पुराव्याने दुरुस्त करणं हा इथे अपमान नव्हता.

वर्गात किंवा घरी हे करून पाहा. बंद डब्यात दोन-तीन वस्तू ठेवा. मुलांनी डबा हलवून, आवाज ऐकून आत काय असेल त्याचं चित्र काढायचं. मग लोहचुंबक द्या आणि चित्र सुधारायला सांगा. पहिलं चित्र खोडू देऊ नका, शेजारी दुसरं काढू द्या.

आणि शेवटी डबा उघडू नका. अणूही कुणी उघडून पाहिला नव्हता!