'कन्झ्यूम' : इंग्रजी शब्द एक, मराठी अर्थ अनेक

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या वर्षीच, म्हणजे १९६० साली, भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि पुढे १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठीस राजभाषेचे स्थान दिले. तेव्हापासून प्रशासनिक परिभाषेचे मोठे काम झाले आहे. तरीही तांत्रिक अहवाल, तपासणीचे दाखले, मालाची माहितीपत्रके यांतील बराच मजकूर मुळात इंग्रजीत असतो. तो गावकऱ्यांपर्यंत सुबोध मराठीत पोचविण्याची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यावर येते. अशा वेळी कोशातील पहिला प्रतिशब्द उचलून काम भागत नाही. 'कन्झ्यूम' हे क्रियापद आणि त्यापासून झालेले 'कन्झम्प्शन' व 'कन्झ्यूमर' हे शब्द याचे बोलके उदाहरण होत.

मूळ अर्थ

हा शब्द लॅटिन भाषेतून आला असून 'पूर्णपणे घेणे, घेऊन संपविणे' हा त्याचा गाभा आहे. अन्न पोटात जाते, कोळसा भट्टीत जळतो, आगीत घर भस्मसात होते, कामात वेळ जातो. या सर्वांसाठी इंग्रजी भाषा एकच क्रियापद वापरते, कारण प्रत्येक ठिकाणी काहीतरी संपते. जुन्या इंग्रजीत 'कन्झम्प्शन' हे एका रोगाचेही नाव होते. तो रोग म्हणजे क्षय. रोग्याचे शरीर झिजत जाते हे पाहून इंग्रजीने ते नाव दिले आणि झिजणे, कमी होणे याच अर्थाचा 'क्षय' हा शब्द आपल्याकडे रूढ झाला. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत मृत्यूचे कारण म्हणून 'कन्झम्प्शन' लिहिलेले आढळल्यास त्याचा अर्थ क्षयरोग असाच घ्यावयास हवा.

मराठीची रीत

मराठी मात्र वस्तूगणिक क्रियापद बदलते. अन्न खातात, पाणी पितात, औषध घेतात किंवा त्याचे सेवन करतात, विष प्राशन करतात, वीज वापरतात. ज्या कामात वेळ फार जातो ते वेळखाऊ. बाजारात साखरेचा 'खप' होतो. पण खप हा विक्रीच्या बाजूने पाहिलेला शब्द आहे. घरात साखर किती खाल्ली जाते हे सांगावयाचे असल्यास तो उपयोगी नाही. अर्थशास्त्रात 'उपभोग' हा शब्द स्थिरावला आहे व तेथे तो योग्यच आहे. परंतु सामान्य माणसाच्या मनात त्या शब्दाभोवती सुखोपभोगाची छटा असते, हे विसरता येत नाही.

विहिरीवरील सूचना

शब्दाची निवड किती महत्त्वाची ठरते हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. विहिरीच्या पाण्याची तपासणी होऊन ते 'ह्यूमन कन्झम्प्शन'ला योग्य नसल्याचा अहवाल आला, असे समजू. 'मानवी उपभोगास अयोग्य' अशी पाटी लावली, तर पाणी भरावयास आलेल्या स्त्रीला त्यातून बोध होणार नाही. 'वापरास अयोग्य' असे लिहिले, तर अर्थ गरजेपेक्षा व्यापक होईल आणि टंचाईच्या दिवसांत धुण्याभांड्यालाही लोक ते पाणी घेणार नाहीत. फ्लोराइड किंवा नायट्रेट प्रमाणाबाहेर असलेले पाणी उकळूनही पिण्यायोग्य होत नाही, पण त्याने कपडे धुता येतात. तेव्हा 'हे पाणी पिऊ नये, स्वयंपाकास वापरू नये. उकळूनही ते पिण्यायोग्य होत नाही' हीच खरी सूचना होय. कीडनाशक चोळलेल्या बियाण्याबाबतही 'सेवनास अयोग्य' यापेक्षा 'खाऊ नये, जनावरांना घालू नये' हे शब्द अधिक उपयोगाचे आहेत.

पाण्याचा हिशेब

सिंचनशास्त्रात या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. पिकाने शोषून पानांवाटे हवेत सोडलेले आणि जमिनीतून बाष्प होऊन उडालेले पाणी हे 'कन्झ्यूम' झालेले पाणी मानतात. शेतातून पाझरून पुन्हा ओढ्याला वा विहिरीला मिळते ते तसे मानीत नाहीत. वीजनिर्मितीत चक्रे फिरविणारे पाणी नष्ट होत नाही. परंतु कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर पश्चिमेकडे वाशिष्ठी नदीत जाते. म्हणजे पाणी नाहीसे झाले नसले, तरी कृष्णा खोऱ्याच्या हिशेबातून ते कायमचे वजा झाले. येथे केवळ 'वापर' म्हणून भागत नाही. पाणी परत येणारे की न येणारे, हेही सांगावे लागते.

ग्राहक कोण?

'कन्झ्यूमर' या शब्दासाठी हिंदीने 'उपभोक्ता' स्वीकारला, मराठीने 'ग्राहक'. दोहोंतही थोडे उणे आहे. ग्राहक म्हणजे दुकानात पैसे मोजणारा, असा आपला समज असतो. कायद्याचा अर्थ त्याहून व्यापक आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाप्रमाणेच त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या अधिनियमातही, खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्ती ग्राहकच मानली आहे. सासऱ्यांनी आणलेले सदोष यंत्र वापरताना सुनेला इजा झाली, तर तीही तक्रार करू शकते. फेरविक्रीसाठी वा व्यापारी हेतूने घेतलेला माल या संरक्षणात येत नाही. मात्र स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू येते.

बियाणे तर खाल्लेही जात नाही, पेरले जाते. मग शेतकरी ग्राहक कसा, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पीक विकण्यासाठी घेतलेले बियाणे ही व्यापारी खरेदी होय, हा बियाणे महामंडळाचा युक्तिवाद न्यायालयाने २०१२ साली अमान्य केला आणि शेतकरी हा ग्राहक असल्याचे स्पष्ट केले. शब्दाच्या अर्थावर एका हंगामाची भरपाई अवलंबून असते, ती अशी.

म्हणून ग्रामसभेत ही माहिती देताना 'ग्राहकांचे हक्क' एवढे शीर्षक पुरेसे नाही. उगवण न झाल्यास कृषी विभागाकडे तत्काळ लेखी कळवावे, पावती, पिशवी व तिच्यावरील खूणचिठ्ठी जपून ठेवावी, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हे सांगावयास हवे.

'कन्झ्यूम' समोर आला, की नेमके काय संपते, कोणाच्या हातून संपते आणि वाचणाऱ्याने काय करावयाचे आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे मिळाली, की पाटीवर कोणता शब्द लिहावयाचा ते ठरविणे अवघड राहत नाही.