व्हिन्सेंटची पत्रे वाचताना



तुझे पत्र पावले. प्रदर्शनासाठी पाठविलेले चित्र नामंजूर झाल्यापासून तू व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे चरित्र वाचीत आहेस आणि त्याच्या विपत्तींच्या हकीकतीने मनास धीर येतो, हा मजकूर वाचून मला समाधान वाटले. कारण ज्या वाटेवर आपण ठेचाळलो त्याच वाटेने आपल्याहून फार थोर मनुष्य गेला होता, हे उमगले म्हणजे दुःखातले एकाकीपण ओसरते. तथापि हा धीर नेमका कशातून घ्यावा, याविषयी चार शब्द लिहितो.

दुःखामुळेच तो मोठा झाला, असे मानण्याचा मोह आवर. १८८९ च्या मे महिन्यात तो सें-रेमीच्या मनोरुग्णालयात स्वेच्छेने दाखल झाला आणि तेथील वर्षभराच्या मुक्कामात त्याने सुमारे दीडशे चित्रे रंगविली; परंतु व्याधी बळावे तेव्हा आठवडेच्या आठवडे त्याचे काम बंद पडे, आणि ती चित्रे बहुतांशी मधल्या सावध, शांत दिवसांतली आहेत. व्याधीने त्याचे दिवस हिरावले. उरलेले दिवस त्याने कारणी लावले.

म्हणून चरित्राबरोबर त्याची पत्रेही वाच. त्यांत दिसेल की, धर्मप्रचारकाचे काम सुटून बेल्जियममधील कोळशाच्या खाणींच्या मुलखात निर्धन अवस्थेत राहत असता, १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याने चित्रकार होण्याचा निश्चय केला आणि बार्ग या चित्रकाराचे रेखांकनाचे पाठ मागवून ते चिकाटीने गिरविले. पत्रांत वेदना आहेच. पण तिच्या शेजारी रंगांच्या मागण्या आहेत, कॅनव्हासचा हिशेब आहे, हाती घेतलेल्या चित्रातील एकेका वर्णच्छटेचे तपशीलवार वर्णन आहे. तुझा खरा आधार या नित्याच्या व्यासंगात आहे, कारण तो आज तुलाही साध्य आहे.

आणखी एक. ही पत्रे ज्याला लिहिली तो धाकटा भाऊ थिओ पॅरिसच्या एका चित्रविक्रीच्या पेढीत नोकरी करून त्याला नियमाने पैसे पाठवी; आणि दोघेही निवर्तल्यावर थिओची पत्नी योहाना हिने तो पत्रसंग्रह जतन करून १९१४ साली प्रसिद्ध केला. थिओच्या पैशांचे ओझे व्हिन्सेंटला सतत जाणवे. तरीही तो मागत राहिला, कारण काम थांबविणे त्याला त्याहून जड होते.

तेव्हा नामंजूर झालेल्या चित्राचाच विषय पुन्हा हाती घे, त्याची नव्याने रेखाटने कर, आणि रंगसाहित्यास किती खर्च येईल तो निःसंकोच कळव. तजवीज मी करतो.

तुझा काका